नवव्या प्रकरणासमोरचा फोटो

कात्रप, बदलापूर (पूर्व)
ता. ३ ऑगस्ट १९९३

चि. चिंतामणीस गोदूताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. सौ. नलूची कंबर आता कशी आहे? तिला म्हणावं, पुण्याच्या पावसाळी गारठ्याला दोष देऊ नकोस, ओणव्यानं फरशी पुसणं बंद कर. इकडे सगळे खुशाल. ह्यांना रिटायर होऊन सहा महिने झाले, पण अजून फॅक्टरीच्या भोंग्याच्या वेळेला उठतात, चपला घालतात आणि मग कुठं जायचं ते न सुचून खिडकीत उभे राहतात.

पाऊस म्हणशील तर उच्छाद मांडलाय. परवा पश्चिमेला नदीकाठच्या मांजर्लीत पाणी शिरलं, खालच्या मजल्यावरच्या लोकांनी गाद्या डोक्यावर घेऊन पळापळ केली. आपण पूर्वेला, तेव्हा काळजी नाही. तरी आई रोज विचारते, "नदी कुटवर आली?" दर पावसाळ्यात तिचं हे सुरू होतं. मी म्हणते, अगं, आपल्या तिसऱ्या मजल्यापर्यंत कशी येईल ती? तर म्हणते, "मी येन्याचं इचारत न्हाई," आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागते.

आईचा फोटो पाठव म्हणतोस. पाठवते. इथला स्टुडिओवाला गावाला गेलाय. तो आला की आईची सर्दी बरी व्हायला हवी, नाक लाल झालंय. आणि तिच्याकडे सध्या नीटसं लुगडंही नाही. बघते.

मधेच उठले होते. दूध उतू गेलं. आज हातून एक काम धड होत नाहीये.

तुला आमच्या पुस्तक-भिशीचं सांगितलं होतं का? आमच्या बिल्डिंगमधल्या आणि मागच्या चाळीतल्या बायका मिळून चालवतो. महिन्याला थोडे थोडे पैसे काढायचे, चिठ्ठी टाकायची, जिचं नाव निघेल तिनं त्या पैशातून पुस्तक आणायचं. साडीची भिशी असते, भांड्यांची असते, तशी ही. अट एकच, चरित्र किंवा घरच्यांच्या आठवणी हव्यात. कादंबरी नको, कारण कादंबरीत बायका शेवटचं पान आधी वाचतात. पुस्तक घरोघर फिरतं आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी जिची भिशी तिच्या घरी चहा आणि चर्चा. उल्हासनगरहून इकडे राहायला आलेली लाजवंतीसुद्धा आहे आमच्यात. तिला मराठी वाचता येत नाही, पण पैसे सगळ्यांआधी देते आणि म्हणते, "पुस्तक तुम लोग पढो, मला फक्त कोण कोणाशी कसा वागला ते सांगा."

ही पुस्तकं मी दुपारी आईला वाचून दाखवते. तिला अक्षर येत नाही, पण तिच्यासारखी टीका तुमच्या मासिकांत मी वाचलेली नाही. एका प्राध्यापकानं लिहिलेलं कुणा थोर लेखकाचं जाडजूड चरित्र संपवलं, तर म्हणाली, "ह्या मान्साला पोटच न्हाई. येवढ्या पानांत येकदा बी जेवला न्हाई." एका कवीच्या बायकोच्या आठवणी मात्र तिला फार आवडल्या. "ही नवऱ्याला देव म्हनते, पन देवाची खरकटी कुनी काढली ते बी सांगते," असं म्हणाली. पुस्तक वाचण्यालायक आहे की नाही हे ठरवायला तिचे दोनच प्रश्न असतात. ह्याच्या घरी भांडी कोण घासायचं? आणि ह्यानं लिहिलेलं कधी बायकोला वाचून दाखवलं का?

मागच्या महिन्यात रविवारच्या पुरवणीत आवर्जून वाचावीत अशा चरित्रांबद्दल लेख आला होता. त्यात तू लिहिलेल्या आण्णांच्या चरित्राचं नाव! ह्यांनी ते कात्रण देवाजवळ ठेवलंय. आणि नेमकी ह्या महिन्याची चिठ्ठी शेजारच्या विठाची निघाली. ती निवृत्त शिक्षिका, पुरवणी पाठ असणारी. तिनं तुझंच पुस्तक आणलं. म्हणजे आता आमच्या जिन्यावरून आपले आण्णा वर-खाली फिरताहेत. काडेपेटीच्या कारखान्यात पाळ्या करून नाटकं लिहिणारे दौलतराव इथंच पलीकडे अंबरनाथला राहत होते, हे बायकांना खरं वाटत नाही. मी त्यांची मुलगी आणि घरात पाट टाकून बसते ती त्यांची बायको, हे तर त्यांना आता पुस्तकावरून कळलं.

आईलाही वाचून दाखवतेय. आठ प्रकरणं झाली.

सर्वांस यथायोग्य.

तुझी,
गोदूताई

ता. क. – फोटो नवव्या प्रकरणासमोरच हवा का? दुसरीकडे कुठं चालणार नाही?


कात्रप, बदलापूर
ता. २४ ऑगस्ट १९९३

चि. चिंतामणीस आशीर्वाद.

अरे, फोटोसाठी कुणी तार करतं का? तारवाला दारात बघून ह्यांनी आधी मला खुर्चीवर बसवलं, मग उघडली. "फोटो ताबडतोब, छपाई अडली." कोण गेलं म्हणून मी मनात एकेकाचं नाव घेत होते, आणि निघालं काय तर तुझी दुसरी आवृत्ती.

बरं, सांगून टाकते. स्टुडिओवाला गावाला गेलेला नाही. आईला सर्दीही नाही. लुगडी तर तिच्याकडे पेटी भरून आहेत. मलाच फोटो पाठवायचा नाहीये.

नवव्या प्रकरणाचं नाव तू 'रखमा' ठेवलंस. आईचं नाव. त्यात लिहिलंयस की आण्णांच्या तेराव्यानंतर आईनं ट्रंकेतली सगळी हस्तलिखितं, नाटकं, कविता, अर्धवट राहिलेली ती मोठी कादंबरी, सारं आंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातलं. "त्या पहाटे आमच्या अंगणातला धूर म्हणजे एका लेखकाचा दुसरा अंत्यविधी होता, आणि ह्या वेळी अग्नी दिला त्याच्या पत्नीनं." वाक्य झकास आहे. विठानं त्याच्याखाली पेन्सिलनं रेघ ओढलीय. आणि ह्या वाक्यासमोर तुला आईचा फोटो छापायचाय.

चिंतू, तू तेव्हा पुण्यात होतास. तेरावं करून दुसऱ्या दिवशी परीक्षेला गेलास, परत आलास ते दोन महिन्यांनी. तो धूर तू पाहिलास कुठं? ट्रंक रिकामी होती आणि बंबाच्या तोंडाशी जळका छापील कागद होता, एवढंच तू पाहिलंस. हेही तुझ्याच पुस्तकात आहे, फक्त ते आधीच्या परिच्छेदात आहे, आणि वाचणारा तिथं थांबत नाही. तू विचारलंस तेव्हा आई म्हणाली, "गेलं ते." मग तू वर्षानुवर्षं तिच्याशी धड बोलला नाहीस.

मी वांगणीला सासरी होते, जनूच्या वेळी आठवा महिना. मला जे कळलं ते तुझ्याकडूनच. मीही तेच धरून चालले. आईला असं कसं विचारायचं?

तर नववं प्रकरण मी आईला वाचलं नाही. म्हणजे वाचलं, पण माझ्या मनचं. पुस्तक समोर धरून, पानं उलटत, मी तिला सांगितलं की ट्रंकेला वाळवी लागली आणि आण्णांचं सगळं लिखाण मातीत गेलं. बऱ्यापैकी जमलं होतं मला. मधे एकदा गहिवरलेसुद्धा.

आई वाती वळत होती. हात थांबले. "वाळवी? आसं लिवलंय चिंतूनं?"

"हो."

"मग त्याला ठावं न्हाई म्हनायचं," एवढंच म्हणाली आणि पुढची वात घेतली.

ह्याला आज सहा दिवस झाले. काय ठाऊक नाही, ते विचारायचं धाडस मला होत नाही, आणि तीही बोलत नाही. मी सारखी घरातून फिरतेय. डबे पुसून पुन्हा पुसले. ह्यांनी विचारलं, हरवलंय का काही?

आणि जिन्यात काय चाललंय ते तुला पुण्यात बसून दिसायचं नाही. बायका नवव्या प्रकरणापर्यंत पोचल्यात. तळमजल्यावरची बाई आईकडून लोणच्याचा मसाला कुटून न्यायची. काल ती भिंतीकडे बघत बोलली आणि "ह्या वर्षी विकतचाच आणलाय हो" म्हणून निसटली. आईला वाटलं, तिच्या घरी पैशाची ओढाताण आहे. मला म्हणाली, थोडा असाच दे तिला.

येत्या रविवारी चर्चा आहे. विठाला आईचा सत्कार करायचाय, शाल आणून ठेवलीय तिनं. मी नाही म्हणून पाहिलं. विठा म्हणाली, "वाङ्मयीन कार्यक्रम आहे, कुणी व्यक्तिगत बोलणार नाही." विठाला बायका कळत नाहीत.

एक कर. प्रकाशकाला सांगून नववं प्रकरण रोखून धर. मी आईला विचारीपर्यंत तरी. तुझ्यापेक्षा मी चार वर्षांनी मोठी आहे, आजवर तुला कधी आज्ञा केली नाही. ही समज.

गोदूताई


कात्रप
ता. ३० ऑगस्ट १९९३

चि. चिंतामणीस,

आशीर्वाद आहेतच. आज खुशाली विचारत बसत नाही.

काल झाला कार्यक्रम. मी आईला सकाळपासून सांगत होते, तुझे पाय दुखतात, घरीच पड. तिनं इस्त्रीचं लुगडं नेसलं आणि माझ्याआधी विठाच्या दारात जाऊन उभी राहिली. विठानं शाल घातली. प्रास्ताविक केलं, त्यात "वास्तवाचं निर्मम दर्शन" असं दोनदा म्हणाली. मग बायका एकेक बोलल्या. सगळ्या आठव्या प्रकरणापर्यंतच बोलत होत्या आणि आईकडे बघून चहा पीत होत्या. मला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात लाजवंतीनं बशी खाली ठेवली. तिच्या पोटात काही राहत नाही, आणि पाप तर मुळीच नाही. तिनं सरळ आईचा हात धरला. "माँजी, एक बात पूछू? ह्या लोकांनी मला सांगितला की तुम्ही साहेबांचा सगळा लिखा हुआ जाळला. चूल्हे में. सच है क्या?"

विठा म्हणाली, "लाजवंती, अहो..." मी उठले होते, का ते ठाऊक नाही, बहुतेक दिवा घालवायला.

आई माझ्याकडे बघत होती. "आसं लिवलंय व्हय त्यात? वाळवी न्हाई?"

मी मान हलवली.

"जाळीन?" आई म्हणाली. "सरस्वतीला जाळीन व्हय मी?" तिचा आवाज चढला. आण्णा होते तेव्हासुद्धा मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. लाजवंतीचा हात तिनं सोडला नाही, तिलाच सांगत होती सगळं. "पोथी जुनी झाली, फाटली, तर तुमच्यात काय करतात गं? रद्दीत घालतात? चुलीत घालतात? आमच्यात वाहत्या पान्यात सोडतात. ह्यांचं लिवनं अर्धं ऱ्हायलेलं. ते गेले, आता ते पुरं कोन करनार? घरात ठिवलं तर उंदरं खातील, पोरं होड्या करतील. मला वाचता येत न्हाई. मला येवढंच ठावं, रातच्याला दिवा लावून, कुनाला बोलू न देता मानूस जे लिवतंय ते पोथीसारखंच आसनार. म्हनून नदीला सोडलं."

मग तिनं सांगितलं ते तुला जसंच्या तसं लिहिते. तू गेलास त्याच दिवशी तिनं ट्रंक रिकामी केली. अंबरनाथच्या आपल्या खोलीपासून वालधुनी नदी दोन पावलांवर, पण तिच्यात तेव्हाही कारखान्यांचं रंगीत पाणी यायचं. "त्या घानीत कशी सोडू?" म्हणून गठ्ठा काखेत घेऊन गाडीनं बदलापूरला आली. आयुष्यात पहिल्यांदा एकटी. तेव्हा मांजर्लीला वस्ती कुठली, नुसती शेतं. विचारत विचारत उल्हास नदीवर पोचली. हळदकुंकवाला हात लावायचा नव्हता, म्हणून तांदूळ आणि शिवमंदिरातून आणलेलं बेलाचं पान वाहिलं. पोथी लाल कापडात बांधतात, तिच्याकडे लाल म्हणजे तिचं लुगडंच होतं. "आता नेसायचं न्हवतंच ते," म्हणाली.

ते लाल लुगडं तुला आठवणार नाही, मला आठवतं. जनूच्या बारशाला मी तिच्याकडे मागितलं होतं, बाळाला त्याची दुपटी शिवायला. ती म्हणाली, दिलं. मला वाटलं कुणा जावेला दिलं, आणि मी चार दिवस फुगून बसले होते.

बंबात जळले ते नाटकाच्या जाहिरातींचे उरलेले छापील कागद. छापील तू तरी बघितलेस ना? आण्णा कधी छापील अक्षरात लिहायचे का रे? एवढं चरित्र लिहिलंस, आणि एवढं लक्षात आलं नाही?

विठा रडली. लाजवंती रडली. मसाला विकत आणणारीही रडली. मी रडले नाही, मला राग आला होता. तुझ्यावर आलाच, पण नुसता तुझ्यावर नाही. मी आईला तिथंच म्हटलं, "अगं, पण ते छापायचं होतं! नदीत सोडलंस काय आणि जाळलंस काय, आम्हाला काय उरलं? चिंतूला नाही विचारायचं?"

आई शांतपणे म्हणाली, "छापायचं आसतं हे मला कुनी सांगितलं? मला काय लिवलंय तेच कुनी सांगितलं न्हाई. पंधरा-सोळा वर्सं मी कंदिलाची काच पुसून दिली. येक वळ वाचून दावली न्हाई त्यांनी मला."

चिंतू, ती प्रत्येक चरित्राला तो दुसरा प्रश्न का विचारायची ते मला काल विठाच्या घरात कळलं. आणि नदी कुठवर आली हे का विचारायची तेही. मी इतकी वर्षं तिला उत्तर देत होते की आपण तिसऱ्या मजल्यावर आहोत.

रात्री मी म्हटलं, आई, मी चिंतूला लिहिते, तो प्रकरण बदलेल, माफी मागेल. तर म्हणाली, नको. मला वाटलं, आता पोराला पदराखाली घेणार, त्याच्या पुस्तकाचं नाव झालंय, राहू दे म्हणणार. मी भांडायच्या तयारीनं बसले होते. पण तिचं वेगळंच होतं.

"फोटू काढीन मी," म्हणाली. "कुटं लावायचा तिथं लावू दे. पन आदी त्यानं हितं यावं. माझ्याम्होरं बसावं आन् ते नववं प्रकरन मला वाचून दावावं. लिवलंय तसं. तुज्यासारकं येक बी अक्षर बदलायचं न्हाई."

"आणि मग?"

"मग काय? मी ऐकीन. ह्या घरात दोघं लिवनारे झाले, बापानं वाचून दावलं न्हाई, लेकानं तर माज्यावरच लिवलं आन् सही करून टपालानं धाडलं. मला अक्षर येत न्हाई हे काय त्याला ठावं न्हाई?"

ह्याचं उत्तर तुला सुचलं तर मला लिहू नकोस, तिलाच सांग.

तू म्हणशील, नदीत काय आणि बंबात काय, आण्णांचं लिखाण गेलं ते गेलंच. खरंय. मलाही ते सारखं टोचतंय, काल झोप लागली नाही ती त्यामुळेच. ती मोठी कादंबरी कशावर होती हे आपल्याला आता कधीच कळणार नाही. पण आई जाळणारी नव्हती रे. आपण तिला अडाणी समजून गप्प बसलो, आणि ती बिचारी ते पाण्यात जपून ठेवलं असल्यासारखी दर पावसाळ्यात त्याची चौकशी करत राहिली.

दुसरी आवृत्ती अडू दे. लोकांनी वाचलीच पाहिजेत अशा पुस्तकांत तुझं नाव आहे, ते कुठं पळून जात नाही. जिच्यावर लिहिलंस तिनं ते अजून ऐकलेलं नाही. ती सत्तरीची आहे. बदल करायचा की नाही ते मी सांगत नाही, प्रकरण तुझं आहे. आधी वाच, तिच्या तोंडाकडे बघत वाच, आणि मग तुला जे छापावंसं वाटेल ते छाप.

मसाल्याची बाई आज सकाळी दोन किलो मिरच्या घेऊन आली होती. आईनं कुटायला घेतल्या. पाऊस थोडा उघडलाय, नदी उतरली म्हणतात. पण आईनं आज नदीचं विचारलं नाही. पुण्याहून गाड्या कधी असतात, एवढं ह्यांना विचारलं.

येताना तुझी प्रत घेऊन ये, आमची फिरतीवर आहे. पाट मांडून ठेवते. आईला उजव्या कानानं कमी ऐकू येतं, तेव्हा डावीकडे बस.

वाट बघतेय,
गोदूताई